ख्रिस्ती वर्ष आणि आपला पावसाळा

ख्रिस्ती सणांची नावे सांगा म्हटले, तर आपल्या वर्गातला कोणीही विद्यार्थी नाताळ, गुड फ्रायडे आणि ईस्टर ही तीन नावे चटकन सांगेल. सुट्ट्यांच्या यादीने निदान एवढे ज्ञान आपल्याला दिलेले आहे. (ईस्टर नेहमी रविवारीच येतो, त्यामुळे त्याची सुट्टी वेगळी मिळत नाही, ही जुनी तक्रार आहे.) परंतु ख्रिस्ती मंडळींचे एक संपूर्ण वर्ष असते, त्या वर्षाला स्वतःचे ऋतू आणि स्वतःचे रंग असतात, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग असा असतो की त्यात नाताळ-ईस्टरच्या तोडीचा एकही सण येत नाही, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. या लेखात मुख्यतः त्या बिनसणाच्या भागाविषयी लिहावयाचे आहे. कारण तोच भाग आपल्याकडे पावसाळ्यात येतो.

मी पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान गावी, ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका असत. एक मंडळीची, तिच्यात रविवारांची नावे आणि त्या त्या दिवशी वाचावयाचे शास्त्रपाठ. दुसरी बाजारातली, तिच्यात तिथी, नक्षत्रे आणि कोणत्या नक्षत्राला कोणते वाहन याची माहिती. आजी रविवारी पहिली पाहून देवळात जाई आणि सोमवार ते शनिवार दुसरी पाहून संसार करी. या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. पुढे मराठी शिकवू लागल्यावर पडला.

प्रथम वर्षाची रचना पाहू. ख्रिस्ती वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळापूर्वीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, आणि त्यातला पहिला रविवार हा वर्षारंभ. तो नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत येतो. मग नाताळ. त्यानंतर काही आठवड्यांनी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. कॅथलिक बांधव त्याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात. त्याचा शेवट गुड फ्रायडेने आणि लगेच ईस्टरने होतो. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला तो दिवस. हा साधारणपणे मे महिन्यात किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पडतो. येथे सणांची मालिका संपते. त्यानंतर पुन्हा आगमनकाळ येईपर्यंतच्या सहा महिन्यांना, आणि नाताळनंतरच्या थोड्या आठवड्यांना मिळून, कॅथलिक परंपरेत 'सामान्य काळ' असे नाव आहे. लॅटिनमध्ये त्याला नुसते 'वर्षभराचा काळ' म्हणतात. अँग्लिकन परंपरेत 'त्रैक्याच्या सणानंतरचा पहिला रविवार, दुसरा रविवार' असे मोजत जाण्याची रीत होती. उपासनेतल्या वस्त्रांचा रंग आगमनाला व उपवासाला जांभळा, नाताळला व ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला तांबडा. आणि सामान्य काळात हिरवा.

सर्वच मंडळ्या हे वर्ष सारख्या काटेकोरपणे पाळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आमच्या भागातल्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. त्या मिशनऱ्यांचे धार्मिक पूर्वज इतके करडे की १६५९ साली त्यांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत नाताळ साजरा करणाऱ्याला दंड ठेवला होता! त्यांच्या परंपरेतून निघालेल्या आमच्या गावच्या मंडळीत नाताळ किती थाटाने होतो, हे त्यांनी पाहावयास हवे होते.

ईस्टरची तारीख दरवर्षी का हलते, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेनंतर स्थिरावलेला नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही पौर्णिमा बहुधा होळीची तरी असते किंवा हनुमान जयंतीची तरी. २०२४ साली होळीची पौर्णिमा २४-२५ मार्चला होती आणि ईस्टर ३१ मार्चला. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ एप्रिलला. माझ्या आजीला हा नियम कोणी शिकवला नव्हता, पण 'चंद्र भरला की आपला सण आलाच' असे ती म्हणत असे, ते अगदी बरोबर होते.

या नियमाचे मूळ यहुदी लोकांच्या वल्हांडण सणात आहे. तो सण वसंतातल्या पौर्णिमेचा. त्या वेळी पॅलेस्टाइनमध्ये जवाची कणसे पिकू लागतात. त्यानंतर पन्नास दिवसांनी गव्हाच्या कापणीचा सण. तोच पुढे ख्रिस्ती लोकांचा पेन्टेकॉस्ट झाला. म्हणजे ख्रिस्ती वर्षाचा सांगाडा मुळात शेतकऱ्याच्या वर्षाचा आहे. फक्त ते शेत आपल्या मुलखातले नाही.

येथे पॅलेस्टाइनच्या पावसाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. तेथे उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि पाऊस हिवाळ्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस येतो, त्याने उन्हाळभर तापलेली जमीन मऊ होते आणि पेरणी करता येते. मार्च-एप्रिलमध्ये शेवटचा पाऊस येतो, त्याने दाणा भरतो. जुन्या करारात या दोन पावसांचा उल्लेख जोडीने येतो. त्यांच्यासाठी मराठी बायबलात आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस असे शब्द आपल्याला भेटतात. शब्द अस्सल घरचे आहेत, आणि ज्याने ते योजले त्याने शेताचा बांध नक्की पाहिलेला असावा. पण गंमत अशी की आपल्याकडे वळीव आधी येतो आणि आगोट नंतर! शिवाय तिकडचा वळीव कणसात दाणा भरतो. आपल्याकडचा आंब्याचा मोहोर आणि खळ्यावरची ज्वारी यांची वाट लावतो. एकच शब्द, पण त्याच्या पोटातला आनंद आणि धास्ती यांची अदलाबदल झालेली. भाषांतराच्या अडचणी व्याकरणात असतात असे आपण समजतो. त्यांतल्या निम्म्या आभाळात असतात.

उलट काही ठिकाणी आपल्याला युरोपीय वाचकापेक्षा अधिक कळते. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, असे येशूने म्हटले आहे. लंडनच्या रहिवाशाला वाटेल, संकटे सर्वांवर सारखीच येतात असा याचा अर्थ. आपल्या शेतकऱ्याला असा घोटाळा कधी होणार नाही. पाऊस म्हणजे कृपा, हे त्याला सांगावे लागत नाही. तीच गोष्ट एलियाच्या कथेची. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर संदेष्टा एलिया डोंगरावर प्रार्थना करतो, आणि गडी समुद्राकडे पुनःपुन्हा पाहून येतो. सहा वेळा काही नाही. सातव्या वेळी माणसाच्या तळहाताएवढा ढग. आमच्या देवळात हा पाठ जूनच्या अखेरीस वाचला गेला, तर वाचणाऱ्याचा आवाज बदलत असे आणि ऐकणाऱ्यांतले दोघे-तिघे नकळत खिडकीबाहेर बघत.

नाताळच्या कथेतले मेंढपाळही आम्हांला परके नव्हते. रात्रीच्या वेळी रानात कळप राखणारी माणसे! सुगीनंतर धनगरांचे वाडे येतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवतात, आणि थंडीत शेकोटीभोवती घोंगडी पांघरलेली माणसे दिसतात. गव्हाणीच्या देखाव्यात कापसाचा बर्फ आला तो युरोपातून. मेंढपाळ मात्र शेजारच्याच वावरातून येऊ शकत होते. गोव्यात आणि मुंबई-वसईकडे गव्हाणीसाठी नाचणी किंवा गहू पेरून हिरवी रोपे उगवून ठेवतात. बर्फापेक्षा ही रीत मला अधिक बेथलेहेमी वाटते. बेथलेहेम या नावाचाच अर्थ भाकरीचे घर असा आहे.

आता उपवासकाळाकडे वळू. युरोपात हा काळ हिवाळा संपतासंपता येतो. कोठारातले धान्य सरत आलेले, खारवलेले मांस संपलेले, नवे पीक अजून दूर. म्हणजे धर्माने उपवास सांगितला तेव्हा कणगीही तेच सांगत होती. आपल्याकडे काय होते? फेब्रुवारी-मार्च म्हणजे रब्बीची सुगी. ज्वारी खळ्यावर आलेली, हरभरा निघालेला, गहू कापणीला आलेला, पळस फुललेला. घर वर्षात कधी नव्हे इतके भरलेले असते, नेमका तेव्हा आमचा उपवासकाळ. आणि खरी उपासमार येते ती आषाढ-श्रावणात. जुने धान्य पेरणीच्या खर्चात आणि पोटात गेलेले, बाजरी अजून वावरात हिरवी, मजुरी पावसावर अवलंबून. तेव्हा भिंतीवरची पहिली दिनदर्शिका म्हणते, 'सामान्य काळ'.

हा विरोध मला बरीच वर्षे खटकत असे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत काय सामान्य आहे? मृग कोरडा गेला तर पेरणी लांबते. आर्द्रा गेली तर बियाणे बदलावे लागते. दुबार पेरणी म्हणजे दुबार कर्ज. हस्ताचा पाऊस कसा पडतो, यावर रब्बी ठरते. घरातल्या मुलीचे लग्न, मुलाची फी, सावकाराचे तोंड, सगळे आभाळाकडे लागलेले. वर्षातले सर्वांत असामान्य दिवस हेच. पण पुढे विचार करता मला असे वाटू लागले की अडचण नावाची आहे, काळाची नाही. सण येतो तेव्हा श्रद्धेला फारसे काम नसते; गाणी, झेंडूच्या माळा, पाहुणे, नवे कपडे हेच तिला वाहून नेतात. श्रद्धा अंगमेहनत करते ती या हिरव्या, बिनसणाच्या रविवारी. जेव्हा देवळात वीस माणसे आहेत, छत गळते आहे आणि बाहेर पाऊस नाही, किंवा नको इतका आहे.

आणि मराठी व कोकणी ख्रिस्ती लोकांनी हा काळ रिकामाही ठेवलेला नाही. वरून आलेल्या दिनदर्शिकेत त्यांनी आपला पावसाळा हळूहळू घुसवला. याची सर्वांत सुंदर उदाहरणे गोव्याकडे सापडतात. २४ जून हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. गोव्यात तो 'सांव जांव'. युरोपात हा भर उन्हाळ्याचा सण. पोर्तुगालमध्ये त्या रात्री होळ्या पेटवतात आणि त्यांवरून उड्या मारतात. गोव्यात २४ जून म्हणजे आर्द्राचा पाऊस. तेथे होळी कशी पेटणार? तेव्हा गोवेकरांनी आग सोडली आणि पाणी धरले. डोक्यावर पानाफुलांची 'कोपेल' घालून तरुण मंडळी भरलेल्या विहिरींत उड्या टाकतात, आणि नव्या जावयाचा मान होतो. आईच्या उदरात योहानाने आनंदाने उडी मारली, अशी शुभवर्तमानातली कथा आहे. ती उडी येथे विहिरीत पडली. सण तोच, संत तोच, उडीही तीच. मुलखाने फक्त महाभूत बदलले. पाचच दिवसांनी, २९ जूनला, संत पेत्र व पौल यांचा सण. पेत्र कोळी होता. मासेमारी बंद असण्याच्या त्या दिवसांत होड्या एकमेकींना बांधून 'सांगोड' रचतात आणि त्यावर गाणी-नाटके होतात.

ऑगस्टमध्ये 'कोणसाचे फेस्त' येते. कोणस म्हणजे कणीस. भाताच्या पहिल्या लोंब्या धर्मगुरूंच्या हस्ते कापून, आशीर्वाद देऊन घरोघर नेतात. साष्टीतल्या राय गावात हे फेस्त ५ ऑगस्टला होते, आणि तेथील चर्च आहे 'हिमाच्या माते'चे! रोममध्ये एकदा भर ऑगस्टात टेकडीवर बर्फ पडले आणि तेथे मरियामातेचे मंदिर उभे राहिले, अशी जुनी आख्यायिका. त्यावरून हे नाव. बर्फ न पाहिलेल्या माणसांनी, धो धो पावसात, हिमाच्या मातेच्या दारी भाताची लोंबी न्यावी, यापेक्षा अधिक चांगले भाषांतर मला माहीत नाही. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' होतो, तोही नव्या भाताचाच सण. आज त्यांच्या कित्येक गावठाणांभोवती भाताचे एकही खाचर उरलेले नाही. पण लोंब्या कोठून तरी मिळवून आणतात.

आमच्या देशावर सुगीचा सण असतो. त्याचे मूळ फार जुने नाही. १८४३ साली कॉर्नवॉलमधल्या एका पाळकाने आपल्या देवळात कापणीची उपकारस्तुती केली, तेव्हापासून इंग्लंडात ही प्रथा पसरली. पण आपल्या मंडळ्यांनी तिला अस्सल गावरान रूप दिले. बाजरीची कणसे, भोपळे, कोंबडी, अंडी, घरचे तूप, जे असेल ते लोक देवळात आणतात, आणि उपासना झाल्यावर पटांगणात त्याचा लिलाव होतो. दोन रुपयांच्या भोपळ्याला चढाओढीने वीस रुपये देणारे त्यात निघतात, आणि 'भोपळा तुझ्याच वेलाचा आहे, तूच परत घे' असे म्हणणारेही. धर्मशास्त्राच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा या लिलावात मंडळी अधिक जागी असते.

येथवर ऋतूंविषयी झाले. पण ऋतूंचा विचार केवळ ऋतूंपाशी थांबू नये, असे खुद्द येशूचेच म्हणणे दिसते. पश्चिमेला ढग उठला की पाऊस येणार हे तुम्ही ओळखता, दक्षिणेचा वारा सुटला की उष्मा होणार हे जाणता. मग या काळाची लक्षणे तुम्हांला का ओळखता येत नाहीत, असे त्याने आपल्या श्रोत्यांना खडसावले आहे. म्हणजे आभाळ वाचणाऱ्याने वर्तमानपत्रही वाचावे! दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ साली 'काळाची चिन्हे' ओळखणे हे चर्चचे कर्तव्य म्हणून सांगितले, ते याच आधारावर.

महाराष्ट्रात हे काम त्याआधीच सुरू झाले होते. १८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' निघाला. धर्म, विज्ञान आणि घडामोडी एकाच कागदावर छापणारे ते पत्र. १८५५ साली जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यात छापला गेला. पुढे १९१२ पासून १९१९ पर्यंत रेव्हरंड ना. वा. टिळक त्याच्या मराठी भागाचे संपादक होते. फुलांमुलांचे कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण धर्म म्हणजे परदेशी कपडे नव्हेत, हे सांगण्यासाठी त्यांनी अभंग आणि कीर्तनाचा जो आश्रय घेतला, तोही काळ ओळखण्याचाच प्रकार होता.

दुष्काळ हे आपल्या मुलखातले सर्वांत मोठे वर्तमान. पंडिता रमाबाईंनी आपले आईवडील दुष्काळात, उपासमारीत गमावले होते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. तेथे त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, आणि आयुष्याच्या अखेरीस हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. रूथच्या कथेत दुष्काळामुळे गाव सोडलेले एक कुटुंब आहे, आणि परक्याच्या शेतात सरवा वेचणारी विधवा सून आहे. रमाबाईंच्या आश्रमातल्या मुलींना ही कथा समजावून सांगावी लागली नसेल.

१९७२ चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीने अंगावर घेतला. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी, हे शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. रोजगार हमी योजना त्याच दिवसांतली. पुढे नगर जिल्ह्यात हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी पाणलोट क्षेत्र विकासाचे काम उभे केले. डोंगरावर पडलेला पाऊस धावू नये, धावला तर चालावा, चालला तर थांबावा आणि थांबला तर मुरावा, इतके साधे ते शास्त्र. तिकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन करता करता, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले. केळीच्या वाड्या, पानवेली, विहिरी आणि बावखले वाचावीत, गोडे पाणी टँकरने उपसून नेऊ नये, यासाठी एका धर्मगुरूने रस्त्यावर यावे काय, असा वाद तेव्हा झाला. २०२० च्या जानेवारीत ते तेव्हाच्या उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; २०२४ साली त्यांचे निधन झाले. बावखलात पाणी असणे हा उपासनेचा विषय आहे, हे वसईकरांना आता पटवून द्यावे लागत नाही.

अलीकडे आभाळच बेभरवशाचे झाले आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमक्या उपवासकाळाच्या सुमारास, महाराष्ट्रात गारपिटीने उभी पिके झोडपली. आजीच्या भरलेल्या कणगीचा महिनाही आता सुरक्षित राहिला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वीच्या रक्षणाविषयी परिपत्रक काढले, आणि १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा 'सृष्टीचा काळ' म्हणून पाळण्याची प्रथा अनेक चर्चमध्ये रुजते आहे. आपल्याकडे हे दिवस परतीच्या पावसाचे आणि बाजरीच्या काढणीचे आहेत. हा नवा ऋतू बाहेरून आला असला तरी आपल्या वावरात नीट बसतो. शिवाय शेतासाठी आशीर्वाद मागण्याचे जे जुने दिवस रोमच्या पंचांगात ठरलेले होते, ते १९६९ च्या सुधारणेत प्रत्येक देशाच्या धर्माध्यक्षांवर सोपवले गेले. आपला मृगाचा रविवार आपणच ठरवावा, याला आता कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. पावसासाठी प्रार्थना केल्याने पाऊस पडतो काय? जुन्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात पावसासाठी आणि पाऊस थांबण्यासाठी अशा दोन्ही प्रार्थना आहेत. 'ज्ञानोदया'ने सृष्टीचे नियम समजावून सांगावेत आणि त्याच मंडळीने रविवारी ढगांसाठी हात जोडावेत, यात विसंगती आहे, असे माझे विज्ञान शाखेतले मित्र म्हणतात. त्यांना देण्यासाठी माझ्याजवळ चोख उत्तर नाही. जर पाऊस चांगल्या-वाईटांवर सारखाच पडतो, तर तो प्रार्थनेची मजुरी नव्हे, एवढे तर उघड आहे. मी एवढेच पाहिले आहे की, जे लोक रविवारी एकत्र बसून पाऊस मागतात, त्यांना सोमवारी शेजाऱ्याच्या रिकाम्या डब्याकडे पाहिले नाही असे म्हणणे जरा जड जाते. आमच्याकडे आषाढात आजी स्वयंपाकाच्या पिठातून एक मूठ वेगळी काढून ठेवी. उपवासकाळात ती असे करीत नसे. 'तेव्हा सगळ्यांकडं असतं,' एवढेच तिचे स्पष्टीकरण. उपवासाचा महिना तिने दुसऱ्या दिनदर्शिकेवरून ठरवला होता.

१९७२ च्या सुगीच्या सणाची हकीकत मी वडिलांकडून ऐकली आहे. खरीप पूर्ण गेले होते. सण करावा की नाही यावर मंडळीत चर्चा झाली. आणायचे काय, हा प्रश्न होता. शेवटी सण झाला. टेबलावर पांढरे कापड नेहमीप्रमाणे अंथरले. कोणी लिंबे आणली, कोणी बाभळीच्या शेंगा, कोणी नुसती हिरवी फांदी. आजी दुष्काळी कामावरून आली होती. तिने रेशनच्या मिलोची शेरभर पिशवी नेऊन ठेवली. त्या धान्यातला एक दाणाही आमच्या रानातला नव्हता. पाळकांनी तीही उचलली, आणि नेहमीच्या प्रार्थनेत पेरणाऱ्यासाठी आणि कापणाऱ्यासाठी आभार मानले. मग पटांगणात लिलाव झाला. पिशवी कोणी घेतली आणि किती बोली लागली, हे वडिलांना आठवत नाही. लिंबांना मात्र बारा आणे आले होते.